भाव नव्हे, पत्रा बघा

जुन्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला की ती काढून टाका, असा एक हिशोब सांगतात; तो मला पटत नाही. पंधरा वर्षांच्या गाडीला भाव येतोच किती? क्लचप्लेट आणि चार टायर बदलले की निम्मा ओलांडलाच. तुलना करायचीच तर नव्या गाडीच्या वर्षभराच्या हप्त्यांशी आणि विम्याशी करा.

मी आधी पत्रा बघतो, म्हणजे गाडीची बॉडी खालून गंजली आहे का ते. आमची 2009ची पेट्रोल गाडी रत्नागिरीत, खाऱ्या वाऱ्यात वाढलेली. 2024 मध्ये नोंदणीची 15 वर्षं संपली. तेवढ्यावरून आपल्याकडे खाजगी गाडी बाद होत नाही; नोंदणी नूतनीकरणाचा फॉर्म 25 भरून आरटीओत गाडी दाखवली, ती पास झाली की पुढची 5 वर्षं मिळतात. मात्र एप्रिल 2022 पासून या नूतनीकरणाची फी 600 वरून 5,000 रुपये झाली, वर पर्यावरण कर वेगळा. ते पैसे भरण्याआधी आमच्या मेस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली, ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं आणि जॅक लावायच्या जागा स्क्रू ड्रायव्हरने ठोकून बघितल्या. टणटण आवाज आला, पापुद्रा निघाला नाही. म्हणून ठेवली. स्क्रू ड्रायव्हर आत घुसला असता, तर इंजिन कितीही छान चालत असलं तरी मी ती त्याच आठवड्यात काढली असती.