धनंजयराव गाडगीळांसारखी वाटचाल आज शक्य आहे का?

प्रश्न (एम.ए., शेवटचे वर्ष, सोलापूर):
माझ्या घरी यंत्रमागाचा व्यवसाय असून मी अर्थशास्त्रात एम.ए. करीत आहे. वडिलांना वाटते की मी सरकारी परीक्षा द्यावी, तर सरांचा आग्रह पीएच.डी.चा आहे. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांविषयी वाचताना प्राध्यापकी, कुलगुरुपद, सहकारी कारखाना आणि नियोजन आयोग असे सगळेच एका आयुष्यात दिसते. आज अशी ये-जा करता येते का, की एका वाटेला लागल्यावर दुसरीवर पाणी सोडावे लागते?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक):
आधी एक दुरुस्ती. गाडगीळांनी ये-जा फारशी केलीच नाही. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाल्यापासून १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, ते त्याच संस्थेचे संचालक होते. दिल्लीतील नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद त्यानंतर, १९६७ मध्ये आले. मधल्या काळात त्यांनी शेती पतपुरवठ्याच्या समितीचे काम केले आणि विखे पाटलांच्या बरोबरीने प्रवरानगरचा साखर कारखाना उभा केला, पण बैठक संशोधकाचीच राहिली. राज्यांना केंद्राचे साहाय्य कशाच्या आधारे वाटावे यावर पूर्वी वजनदार मुख्यमंत्र्यांची सरशी होत असे. १९६९ च्या गाडगीळांच्या सूत्राने साठ टक्के वाटप लोकसंख्येवर बांधले आणि उरलेल्याचे दहा-दहा टक्क्यांचे चार निकष ठरवले. ज्याने आयुष्यभर घरोघरचे आकडे गोळा केले, त्यालाच असे सूत्र सुचते, असे माझे मत आहे.

उत्तर (सांख्यिकी खात्यातील):
सरांचे म्हणणे मान्य, पण विद्यार्थ्याला वयाचे गणितही सांगायला हवे. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला वयोमर्यादा सामान्यतः तीस वर्षांची आहे, लेखी पेपर सहा असतात आणि उत्तरे इंग्रजीतच लिहावी लागतात, ज्याची सवय आपल्याकडच्या मुलांना उशिरा होते. उलट सहायक प्राध्यापकपदासाठीच्या नेट या पात्रता परीक्षेला वयाची अट नाही. त्यामुळे आधी आर्थिक सेवा, नंतर अध्यापन हा क्रम जमतो. उलटा लावला तर एक दार बंद होते. राज्यात राहायचे असेल तर अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहेच. मात्र एक गोष्ट विसरू नये: सेवेत असताना शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करता येत नाही, आणि काही हुशार माणसांना हेच सर्वांत जास्त जड जाते.

उत्तर (सोलापूरच्या पूर्वभागातील, म्हणजे विणकर वस्तीतील):
सोलापूरकर म्हणून एक भर घालतो. गोखले संस्थेने १९४७ मध्ये येथील विणकर समाजांची पाहणी प्रसिद्ध केली आणि १९६५ मध्ये सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक अभ्यासाचे गाडगीळांचे पुस्तक आले. म्हणजे आपल्याच गल्लीतील घरे मोजूनच ही परंपरा उभी राहिली आहे. प्रबंधासाठी तुम्हाला दूर जायची गरज नाही: मागाचा मालक कोण, भाडेकरी कोण, कांडी (मागावरची सुताची नळी) भरणाऱ्या बाईला आठवड्याला काय मिळते, विडी कामगार शहराबाहेर कुंभारीच्या वसाहतीत राहायला गेल्यावर प्रवासापोटी त्यांचा खर्च किती वाढला, हे कुणी तरी पुन्हा मोजायला हवे. नोकरी कोणतीही लागो, या नोंदींची वही उपयोगी पडेल.

प्रश्नकर्ता:
सर्वांचा आभारी आहे. वडिलांना वयाचे गणित लगेच पटले. कांडीवाल्या बाईंचा हिशेब मात्र त्यांनी आतापर्यंत कधी लिहून ठेवलेला नाही, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. १९६५ चे ते पुस्तक सोलापुरात कोठे पाहायला मिळेल?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक):
हिराचंद नेमचंद वाचनालयात आधी विचारून पाहा. तेथे नसल्यास पुण्याला गोखले संस्थेच्या ग्रंथालयात जावे लागेल.