शब्दचर्चा: 'संवर्धन' म्हटलं की म्हशीच का आठवतात?

पाणंद_वाट (सोमवार, रात्री)

मंडळी, शुक्रवारच्या आत सोडवायची अडचण आहे. एका संस्थेसाठी इंग्रजी प्रश्नावली मराठीत करतोय. प्रश्न असा की तीन वर्षांत गावात 'हेल्थ प्रमोशन'ची जी कामं झाली ती कितपत 'इफेक्टिव्ह' ठरली. मी लिहिलं, 'गावातील आरोग्य संवर्धन उपक्रमांची परिणामकारकता आपणांस कितपत वाटते?' आणि चाचणीसाठी करवीर तालुक्यातल्या एका गावात गेलो. पहिल्याच घरी सोप्यात एक मावशी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी अख्खा प्रश्न ऐकून घेतला, एक दाणा तोंडात टाकला आणि आत हाक मारली, "अगं ए, म्हशीचं डॉक्टर आल्यात बघ."

पशुसंवर्धनवाला समजल्या मला. मग 'परिणाम' शब्द धरून समजवायला गेलो, तर म्हणाल्या, "कसला परिनाम? आमास्नी कायबी झालं न्हाई." दोन्ही शब्द आडवे. काय लिहू?

शुद्धबुद्ध

आधी 'आपणांस कितपत वाटते' काढा, ते तहसीलदाराच्या नोटिशीतलं आहे.

'संवर्धन'चा काही दोष नाही. नीट वाढवणं, जोपासणं हाच त्याचा अर्थ आणि पशुसंवर्धन खात्यात तो बरोबर वापरलाय. वाट लावली ती 'किल्ले संवर्धन', 'रंकाळा संवर्धन' लिहिणाऱ्यांनी. तिथं 'जतन' म्हणायचं असतं. रंकाळा वाढवायचाय का कुणाला? 'इफेक्टिव्हनेस'ला 'प्रभाविता' घ्या. आणि पुढे कुठे 'मूल्यांकन' लिहिलं असेल तर 'मूल्यमापन' करा. मूल्यांकन हिंदीतून आलंय.

गंगावेस_दूधकट्टा

'प्रभाविता' म्हणून गल्लीत हाक मारली तर आमच्या प्रभावती काकू बाहेर येतील.

शुद्धबुद्ध

हसा. सावरकरांच्या 'महापौर'लाही लोक हसले होते. आज तुमच्या महापालिकेत कुणी 'मेयर' म्हणतं का?

दुपारची_पाळी

मी आरोग्यसेविका होते, आता निवृत्त. एकतीस वर्षं गावोगाव फिरले. एकाही बाईच्या तोंडून 'परिणामकारक' ऐकलं नाही. 'परिणाम' हा शब्द गावात धमकीसारखा येतो, 'परिणाम वाईट होतील', नाहीतर 'डोक्यावर परिणाम झालाय'. चांगल्याला म्हणतात 'गुण आला'. औषधाचा गुण आला, डॉक्टरच्या हाताला गुण आहे. माझी आजी लस टोचल्यावर दंडावर फोड यायची वाट बघायची. तो आला की म्हणायची, "लस उठली." तिचं मूल्यमापन तेवढ्यात संपलं!

तेव्हा विचारा, 'या कामाचा गावाला काही गुण आला का?'

मधल्या_सुट्टीत

ताईंच्या 'गुण'मध्ये एक गंमत आहे. औषधाचा येतो तोही गुण आणि मास्तर पेपरावर देतो तेही गुण. इंग्रजीत जिथं दोन शब्द लागतात, एक परिणामाचा आणि एक तो मोजण्याचा, तिथं आपलं एकाच शब्दात भागतं. मी तीस वर्षं पोरांना गुण देतोय, हे आज लक्षात आलं.

तिसरा आणखी आहे, 'गुण लागणे'. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.' माझ्या मते आरोग्याची मोहीम चालते ती अशीच. भिंतीवरचा फलक वाचून कुणी मशेरी सोडत नाही. शेजारणीनं सोडली, तिचे दात जरा बरे दिसायला लागले, की मग हिला वाटतं बघावं सोडून.

शुद्धबुद्ध

म्हण उलटी वापरलीत, मास्तर. पवळ्याला लागला तो वाईट गुण. 'गुण उधळले'सुद्धा चांगल्या अर्थानं कुणी म्हणत नाही.

मधल्या_सुट्टीत

म्हण बैलाची आहे. बैलाला विचारून बघा, गुण चांगला होता की वाईट.

साथरोग_वही

सार्वजनिक आरोग्यातच काम करते, म्हणून जरा लांबण लावते. 'प्रमोशन'ला कृपया 'जनजागृती' किंवा 'प्रचार' करू नका. जागतिक आरोग्य संघटनेची १९८६ ची ओटावा सनद या विषयाचा पाया मानतात. लोकांचा स्वतःच्या आरोग्यावर जास्त ताबा यावा आणि त्यांना ते सुधारता यावं, असा तिचा गाभा आहे. तिच्यातल्या पाच कामांत पहिलं आहे धोरण. मग भोवतालची परिस्थिती, मग लोकांनी मिळून केलेली कृती. माणसाला शिकवणं चौथं येतं आणि दवाखान्यांची दिशा बदलणं पाचवं. आपल्याकडे चौथं तेवढं उचलतात, प्रभातफेरी काढतात आणि फोटो लावून अहवाल पाठवतात.

धोरणाचं साधं उदाहरण घ्या. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. ती जनजागृती नव्हे, कायदा आहे. तिचा 'गुण' विचारायचा तर शाळेजवळच्या टपरीवर पुडी मिळते का हे बघावं लागेल. नुसता शासन निर्णय दाखवून भागणार नाही.

दुसरं म्हणजे 'एफिकसी' आणि 'इफेक्टिव्हनेस' एक नव्हेत. होऊ शकतं का, प्रत्यक्षात होतं का आणि खर्चाच्या मानानं परवडतं का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. मराठीत आपण तिन्हींना 'परिणामकारकता' म्हणून मोकळे होतो.

खासबाग_मागची_गल्ली

म्याडम, यातलं पहिलं दोन आमच्यात पोरासोरांना कळतंय. एक तालमीतली ताकद, दुसरी मैदानातली कुस्ती. तालमीत हजार जोर मारणारा पठ्ठ्या खासबागच्या मातीत दोन मिनिटांत आस्मान बघतो, हे डोळ्यांनी बघितलंय. तालमीत ऊन नसतंय, हलगी नसतीय, पाच-दहा हजार माणूस वरडत नसतंय. औषध कंपनीची चाचणी म्हंजे तालीम. गाव म्हंजे मैदान. परवडतं का ते वस्तादाला इचारा, खुराकाचं बिल तोच भागवतोय.

साथरोग_वही

हे मी पुढच्या प्रशिक्षणात वापरणार. तुमचं नाव सांगून.

खासबाग_मागची_गल्ली

नाव नको, कुस्त्यांचा पास द्या.

दुपारची_पाळी

मोजण्यावरून आठवलं. निर्मल ग्रामच्या दिवसांत एका गावात आम्ही संडास मोजत होतो. घर तिथं संडास, कागदावर शंभर टक्के. एकीच्या घरी म्हटलं, दार उघड. उघडलं. भांड्यावर पोतं टाकलेलं आणि वर छपरापर्यंत शेणी, अशा नेटक्या रचलेल्या की फोटो काढावा. वर तीच मला सांगते, "बाई, पावसात कोरडी ऱ्हानारी घरात येवढीच एक जागा हाय." खोटं नव्हतं बोलत. जळण भिजलं तर चूल पेटणार कशी? पण आमच्या तक्त्यात 'वापर' असा रकानाच नव्हता. 'बांधकाम पूर्ण', टिक.

एक मात्र म्हणते. 'हागणदारीमुक्त' हा शब्द सरकारनं उघड कागदावर आणला, त्यानं बरंच काम केलं. 'उघड्यावरील शौच' म्हटलं असतं तर कुणी लाजलं नसतं. सासरे सुनेसमोर तो शब्द उच्चारेनात, आणि त्यातनंच संडासाचा विषय घरात निघायचा.

शुद्धबुद्ध

इथे मी सहमत आहे, नोंद घ्यावी. 'हागणदारी' अस्सल शब्द आहे.

नदीपल्याड

पण गुण कुणाचा ते कसं ठरवणार? २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. त्यानंतर माझ्या मामाच्या घरात पाणी उकळायला लागलं, ते आजतागायत. त्याच सुमारास नळाजवळ 'पाणी उकळून प्या' असा फलक लागला. सर्वेक्षणवाला आला तर मामी हो म्हणणार, फलकाच्या नावापुढे टिक पडणार. खरं काम केलं काविळीनं.

साथरोग_वही

म्हणूनच तुलनेला दुसरी गावं लागतात. गडचिरोलीत डॉ. बंग दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. दोन्हीकडचे बाळांचे मृत्यू मोजले. निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. काम केलेल्या गावांत मृत्यू निम्म्याहून खाली गेले, तुलनेच्या गावांत तसं झालं नाही. तिथं 'सगळीकडेच सुधारणा झाली, तशी इथेही झाली' म्हणायला जागा राहत नाही.

पाणंद_वाट (बुधवार)

बरं झालं विषय निघाला. 'कंट्रोल' गावांना मी 'नियंत्रित गावे' केलंय. चालेल?

गंगावेस_दूधकट्टा

नियंत्रित म्हणजे संचारबंदी लागली का काय गावात? आणि 'कंट्रोल' तसंच ठेवलंत तर माझी आई पिशवी घेऊन निघेल. तिच्यासाठी कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान, कंट्रोलचे गहू.

साथरोग_वही

'तुलनेची गावं' लिहा. सरळ आहे.

मधल्या_सुट्टीत

'मूल्यमापन'बद्दल कुणी विचारलं नाही तरी सांगतो. गणितात उत्तर बरोबर आलं का बघायला आपण 'ताळा' करतो. त्यातलाच 'पडताळा', त्यातलाच 'ताळेबंद'. माझा अंदाज असा की मुळात तो 'ताल'च, दोन्ही बाजू तालात आल्या की हिशेब जुळला. कोशात शोधलेलं नाही, पण 'मोहिमेचा ताळा' कसं वाटतं?

शुद्धबुद्ध

अंदाजावर व्युत्पत्ती सांगायची तर 'कोल्हापूर' कोल्ह्यावरून आलं असंही म्हणता येईल.

खासबाग_मागची_गल्ली

मला तर मूळ शब्दच खटकतोय. 'आरोग्य' आमच्यात कोण म्हणतंय? 'तब्येत' म्हणतंय. "पोरानं तब्येत केलीया," म्हंजे दंड-मांड्या भरल्यात. पुण्यात तब्येत बिघडती, आमच्यात तब्येत करत्यात.

शुद्धबुद्ध

तब्येत अरबी आहे.

साथरोग_वही

अरबी आहे आणि मूळ अर्थ 'स्वभाव, निसर्ग'. 'प्रकृती'चाही तोच. दोन्हींनी एकच वाट धरली. उलट 'आरोग्य' म्हणजे रोग नसणं, नकारातून तयार झालेला शब्द. पहिलवानाची 'तब्येत केली' हे सनदेच्या जास्त जवळ आहे, त्यात माणूस स्वतः काहीतरी करतो.

शुद्धबुद्ध

म्हणजे आता 'तब्येत संवर्धन' लिहायचं?

खासबाग_मागची_गल्ली

संवर्धन काढा, म्हशी येत्यात.

पाणंद_वाट (गुरुवार, रात्री)

उद्या शुक्रवार. आत्ता लिहिलेलं असं: 'तीन वर्षांत गावात लोकांची तब्येत चांगली राहावी म्हणून जी कामं झाली, त्यांचा तुमच्या घराला काही गुण आला का? कशावरून म्हणता?' संस्थेच्या बाई म्हणतात, 'गुण' नको, लोक दहापैकी आकडा सांगतील. कुणी बघेल का?

नदीपल्याड

ताई, एक विचारायचं राहिलं. शेणी म्हणालात, त्या गोवऱ्याच ना? आमच्या सांगलीकडच्या सूनबाई म्हणतात दोन्हींत फरक आहे.

दुपारची_पाळी

फरक कसला, एकच. रानात आपोआप वाळते ती रानशेणी, ती वेगळी.

शुद्धबुद्ध

वेगळी नाही. रानगोवरी म्हणतात तिला.

दुपारची_पाळी

तुम्ही थापल्यात का कधी?