मदत हवी आहे: कॅफीन देऊनही एसआरमधलं (हृदयपेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्यातलं) कॅल्शियम कमी दिसतंय

प्रश्न: नाशिक, कॉलेजची प्रयोगशाळा. विस्टर रॅटच्या हृदयपेशी, फ्युरा-२ एएम (कॅल्शियम दाखवणारा, पेशीत शिरणारा रंग) ५ मायक्रोमोलर, ४५ मिनिटं, टेबलावरच ठेवून. १ हर्ट्झला ठोके स्वच्छ येतात. मग साठा रिकामा करून मोजायला पिपेटने डिशमध्ये कॅफीन, शेवटची तीव्रता १० मिलिमोलर. कॅल्शियमचं शिखर ठोक्यापेक्षा जेमतेम वर जातं. साठाच रिकामा आहे का? सर्का पंप (कॅल्शियम साठ्यात परत ओढणारा) मंद झालाय असं लिहावं का?

उत्तर १: सर्काला इतक्यात दोष देऊ नका, आधी पिपेट बाजूला ठेवा. वरून टाकलेलं कॅफीन पेशीपर्यंत पसरत पोचतं. रायनोडिन रिसेप्टर, म्हणजे साठ्याची कॅल्शियम सोडणारी दारं, सावकाश उघडतात आणि तेवढ्यात सोडियम-कॅल्शियम एक्स्चेंजर सुटलेलं कॅल्शियम बाहेर टाकत राहतो. साठा भरलेला असूनही शिखर बुटकं येतं ते त्यामुळे. बारीक नळीचं तोंड पेशीच्या अगदी जवळ आणून द्रावण झटक्यात बदला. १०० मिलिलिटर टायरोडला (पेशी ठेवायच्या क्षारद्रावणाला) १९४ मिलिग्रॅम कॅफीन लागतं.

खात्री करायची तर सोडियमच्या जागी लिथियम घाला, कॅल्शियम वगळा, उरलंसुरलं कॅल्शियम पकडणारं ईजीटीए टाका आणि त्यातच कॅफीन द्या. एक्स्चेंजर बंद पडतो, शिखर चढतं आणि बराच वेळ वरच राहतं. तसं झालं तर साठा शाबूत आहे.

उत्तर २: वरचं बरोबर, पण रंगाकडेही बघा. फ्युरा-२ची कॅल्शियमवरची पकड घट्ट, केडी (ज्या पातळीला अर्धा रंग भरतो ती) साधारण २०० नॅनोमोलर. विश्रांतीतली पातळी १०० नॅनोमोलरच्या आसपास असते, तिथे तो उत्तम. १ मायक्रोमोलरला मात्र जवळपास भरलेला असतो, म्हणून ठोका आणि कॅफीन यांतला फरक दबतो. रंगाच्या दोन तरंगलांबींवरच्या प्रकाशाच्या कच्च्या गुणोत्तरांची तुलना करू नका. आरमिन, आरमॅक्स (कॅल्शियम नसताना आणि भरपूर असताना येणारी गुणोत्तरं) काढून आकडे कॅल्शियममध्ये बदला.

दुसरं, एप्रिलमधला नाशिकचा टेबल म्हणजे ३५ अंश! उबेत एएम रंग मायटोकॉन्ड्रियात आणि खुद्द एसआरमध्येही शिरतो. एसी खोलीत २२-२५ अंशांवर, १-२ मायक्रोमोलर, २० मिनिटं पुरेत. मग ३० मिनिटं साध्या टायरोडमध्ये.

प्रश्नकर्ता: आभार. ठोके थांबवल्यावर कॅफीन किती वेळाने द्यावं?

उत्तर १: मिनिटभर ठोके देऊन साठा स्थिर होऊ द्या, थांबवा, काही सेकंदांत कॅफीन. रॅटच्या पेशीत सोडियम जास्त असल्याने विश्रांतीत साठा टिकतो, कधी वाढतोही. सशात उलट, तो गळत जातो. रॅटमध्ये ठोक्याचं सुमारे ९२ टक्के कॅल्शियम सर्का परत ओढतो, सशात ७० टक्के. त्यामुळे सशाच्या पेशींवरचे शोधनिबंध समोर ठेवून वेळ ठरवू नका.