पांढरीतल्या तीन शिवराया (घरच्या ग्रुपवरचं बोलणं)

बाळू: राम राम सगळ्यांना. फोटो टाकलेत बघा. काल जुन्या गावठाणाच्या पांढरीकडच्या पट्ट्यात ट्रॅक्टरनं रोटा मारायलो होतो, मागं वळून बघितलं तर ढेकळात हे तीन दिसले. आधी वाटलं नटबोल्टचे वायसर हायत. थुंकी लावून पुसलं तर अक्षरं दिसायलीत

रोहन: काकाआआ शिवराई आहेत या, शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी!! झूम करून बघा, पहिलीवर तीन ओळीत श्री राजा शिव आणि मागच्या बाजूला छत्र पति असणार

बाळू: हो रे मागं पती दिसायलंय. छत्र झिजलंय

मंजू: अगंबाई. माईंना दाखवले फोटो, त्या म्हणतायत आमच्या लहानपणी असली नाणी देवघरात असायची, लक्ष्मीपूजनाला काढून धुवायचे

रोहन: मी मेटल डिटेक्टर बघितलाय ऑनलाईन, सहा हजाराला आहे, दिवाळीला येताना घेऊन येतो. तीन वर आलीत म्हणजे खाली किती असतील!! गढीच्या बाजूने पण फिरवू

संजू: घे घे. निम्मे पैसे मी देतो. गढीला लागूनच आपला बांध आहे, तिथं तांबं निघतंय तर सोनं पण असेल. मात्र गावात बोभाटा नको

नीलू: आत्ता बघितलं सगळं, इथे सकाळ झाली. बाळू पहिली गोष्ट, ती नाणी आता पुसू नकोस, चिंच लिंबू राख काही म्हणजे काही लावू नकोस. तांब्यावर जो हिरवट थर बसलाय तो खरवडला की अक्षरं पण जातात त्याच्याबरोबर. कोरड्या कागदात वेगवेगळी गुंडाळ, प्लॅस्टिकच्या पिशवीत ओली ठेवू नकोस. आणि रोहन, थांब जरा. मी चार वर्षं हेच करतेय इथे इंग्लंडात, सफोकमध्ये, त्यामुळे मला बोलू दे

रोहन: आत्या तुझ्याकडे मशीन आहे???

नीलू: आहे. कधी सांगितलं नाही कारण सांगण्यासारखं फार सापडलं नाही. इथे ऑगस्ट सप्टेंबरात गहू निघाला की पुढच्या पेरणीपर्यंत रान मोकळं असतं, तेवढ्यात आम्ही आठ दहा जण शनिवारी जातो, शेतकऱ्याची लेखी परवानगी घेऊन. मशीनच्या खालच्या चकतीतून जमिनीत चुंबकीय लहरी जातात, धातू असला की त्यात वीज खेळते आणि मशीन ती पकडून कानात आवाज देतं. लोखंडाचा घोगरा, चांदी तांब्याचा टणक. नाण्याएवढी वस्तू एक वीत खोल असेल तोवर कळते, त्याच्या खाली अवघड. पहिलं पूर्ण वर्ष मला कोटाची बटणं, शिशाचे तुकडे, काडतुसाची पितळी बुडं आणि डब्यांच्या कड्या एवढंच मिळालं. आपल्या रानात तर बैलाच्या पायाचे पत्रे, खिळे, तारा आणि गुटख्याच्या पुड्यांची चांदी, दर पावलाला मशीन ओरडेल बघ

नीलू: दुसऱ्या वर्षी एक चांदीची पेनी मिळाली, एडवर्ड पहिल्याची, म्हणजे १२७२ ते १३०७ मधला राजा. नखाएवढी, कागदासारखी पातळ. हातात घेतली तेव्हा मी रडले होते, खरंच. आपल्याकडे देवगिरीवर यादव होते त्या काळची वस्तू, कुणाच्या तरी खिशातून पडलेली, आणि मधे सातशे वर्षं तिला कुणाचा हातच लागलेला नाही

संजू: मग विकली किती ला?

नीलू: विकली नाही दादा. इथे जिल्ह्याजिल्ह्यात एक जाणकार अधिकारी असतो सापडलेल्या वस्तूंची नोंद करायला, १९९७ पासून ही व्यवस्था आहे, आत्तापर्यंत पंधरा लाखाच्या वर वस्तू नोंदवल्यात. त्याला दाखवली, वजन, फोटो, शेतात नेमकी कुठे मिळाली ते सगळं लिहून घेतलं आणि परत दिली. सुटं एकच नाणं म्हणून परत. सोन्याचांदीची दोन किंवा जास्त जुनी नाणी एका जागी मिळाली तर मात्र ते कायद्याने ट्रेझर, मग १४ दिवसात कळवावंच लागतं

रोहन: आणि नाही कळवलं तर

नीलू: दोघांनी नाही कळवलं. २०१५ ला हेरफर्डशायरच्या एका शेतात व्हायकिंग काळातलं सोनं आणि साधारण तीनशे चांदीची नाणी मिळाली त्यांना, गुपचूप विकायला लागले. २०१९ ला कोर्टाने एकाला दहा वर्षं आणि दुसऱ्याला साडेआठ वर्षं दिली. पण मला त्या शिक्षेपेक्षा दुसरंच लागतं. त्यातली तीसेक नाणीच हाती आली, बाकी गेली कुठेतरी. जी हाती आली त्यांच्यावर दोन राजांची चित्रं शेजारी शेजारी होती, एक वेसेक्सचा आणि एक मर्शियाचा, म्हणजे तेव्हाच्या इंग्लंडातल्या दोन राज्यांचे, त्यावरून त्या दोघांचं सख्य किती होतं ते नव्याने कळलं. आता उरलेल्या अडीचशेवर काय होतं ते कुणी सांगायचं?

अण्णा: चि. नीलू बरोबर बोलते आहे. मी तहसील कचेरीत ३१ वर्षे काढली म्हणून सांगतो. आपल्याकडेही कायदा आहे, निखात निधी अधिनियम, १८७८ सालचा, आजही लागू. जमिनीत सापडलेली वस्तू दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे, काय सापडले, कुठे, कोणत्या दिवशी. आणि वस्तू कोषागारात जमा करायची किंवा हमी द्यायची. न कळविल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, वाटाही जातो. शेतमालकाने लपवायला मदत केली तर त्यालाही सहा महिन्यांपर्यंत. संजय, तू बोभाटा नको म्हणालास म्हणून मुद्दाम लिहितो

संजू: अण्णा मी तसं नव्हतं म्हणायचं

अण्णा: माहीत आहे. पण ग्रुपवर लिहिलेले राहते.

बाळू: अण्णा माझी अडचण वेगळी हाय. कळवलं आन उद्या पुरातत्ववाले आले, म्हणले ही जमीन आता आमची, तर? पांढरीचा पट्टा सव्वा एकर हाय, हरभरा तिथंच चांगला येतो. गावात सगळेच ह्याला भेतात म्हणून कुणी सांगत न्हाई. गेल्या पावसाळ्यात खालच्या आळीतल्या एकाला मणी घावले होते मातीचे, गपचूप विहिरीत टाकले त्यानं

नीलू: विहिरीत 😢

अण्णा: बाळू, तीन नाण्यांवरून कोणाचा सातबारा बदललेला मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. गढी संरक्षित स्मारकाच्या यादीत आहे का तेवढे मी विचारून सांगतो, असेल तर तिथे मशीन, कुदळ काहीही न्यायचे नाही, तो विषय संपला. आपल्या पट्ट्यापुरता साधा अर्ज करायचा, मी मसुदा लिहून देतो

रोहन: आजोबा मला मिळालं काकांच्या शेतात तर कुणाचं?

अण्णा: मालक कोणी सिद्ध झाला नाही आणि आपसात करार नसेल तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक हिस्सा जागेच्या मालकाचा. सरकारला ठेवायचे असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग देऊन घेते.

रोहन: धातूची??? शिवराईच्या तांब्याची किंमत काय येणार, चहा पण नाही

नीलू: हे मात्र मला पण पटत नाही, अण्णा राग मानू नका. इथे बाजारात जी किंमत येईल ती एक समिती ठरवते आणि सापडणारा आणि शेतकरी यांच्यात सहसा निम्मी निम्मी वाटली जाते. २००९ ला स्टॅफर्डशायरच्या एका शेतात पाच किलोवर सोनं निघालं, तलवारींच्या मुठींचं वगैरे, त्याचे ३२ लाख ८५ हजार पौंड दोघांत वाटले. एवढं मिळतं म्हटल्यावर माणूस स्वतःहून फोन करतो. आपला कायदा दीडशे वर्षं जुना, तो माणसाला नुसता भीती घालतो, मग मणी विहिरीत जातात. त्यात बाळूचा किंवा त्या माणसाचा काय दोष

संजू: इकडे पिंपरी-चिंचवडच्या चिखलीला पण निघाली होती ना, २०२१ ला, बांधकामाच्या मातीत मजुरांना, २१६ सोन्याची नाणी, पोलिसांनी जप्त केली. पेपरात होतं. मी तेव्हा म्हणालो होतो नशीबवान लोक. ते नशीब नव्हतं म्हणजे

मंजू: थांबा सगळे. माईंना वाचून दाखवत होते मी, त्या काहीतरी सांगतायत, तसंच्या तसं टाईप करते

मंजू: (माई) बहात्तरच्या दुष्काळात आम्ही नाल्याच्या बांधाचं काम करत होतो. तुमचे बाबा कुदळीवर आणि मी पाटीवर. एके दिवशी त्यांची कुदळ लोट्यात बसली. मातीचं झाकण होतं त्याला. आत चांदीची नाणी, दोन ओंजळी भरतील एवढी, काळी पडलेली. मुकादम जेवायला गेला होता. आम्ही चौदा जण होतो टोळीत, सगळ्यांनी तिथंच वाटून घेतली, आमच्या वाट्याला अकरा आली. कुणी कुणाला सांगायचं नाही म्हणून बेलभंडारा उचलला. आज पहिल्यांदा बोलतेय, त्यातलं आता कुणी राहिलं नाही

बाळू: माई हे मला पण म्हाईत नव्हतं

मंजू: (माई) दहा नाणी बाजाराच्या दिवशी सराफाकडं नेली. त्यानं आमच्या देखत मुशीत टाकली. निम्म्या चांदीचं धान्य आणलं आणि निम्म्याचे वाळे केले, संजू पोटात होता. एक नाणं ठेवलं होतं ते तुमच्या बाबांनी पुढं बियाण्याला मोडलं. वाळे आहेत माझ्या पेटीत. रोहनच्या बारशाला पण तेच घातले होते

संजू: 

संजू: मला काय लिहावं कळेना झालंय माई

नीलू: माई, तू वाईट वाटून घेऊ नकोस हं. घरात दाणा नव्हता, तुम्ही जे केलं ते कुणीही केलं असतं. फक्त एक सांग, नाण्यावर काय होतं? चेहरा होता का? अक्षरं? आपल्याकडची की फारसीसारखी वळणाची?

मंजू: (माई) नीट बघितलंच नाही बाई. ज्वारी किती येईल तेच डोळ्यापुढं होतं. एका बाजूला टेकडीसारखं काहीतरी होतं असं वाटतं, पण देवाशपथ सांगता येणार नाही

नीलू: टेकडीसारखं 🙏 माई तू म्हणतेस ते सातवाहनांच्या नाण्यावर असू शकतं, कमानींवर कमानी रचलेली टेकडी. असेलच असं मी म्हणत नाही. पण आपल्यापासून तेर पंधरा किलोमीटर. तेर म्हणजे जुनं तगर, दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशाच्या पुस्तकात त्याचं नाव आहे, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर म्हणून. तेरला हस्तिदंती बाहुली निघालीय आणि तिच्या जातीची दुसरी थेट इटलीत पाँपेईला निघालीय. ते लामतुरे संग्रहालय बघितलंय ना आपण शाळेच्या सहलीत, ते उभं राहिलं ते एका गावकऱ्याने टेकाडावरून, शेतातून आयुष्यभर वेचलेल्या वस्तूंवर. मशीन नव्हतं त्यांच्याकडे, पाऊस पडून गेला की पांढरीवर वस्तू आपोआप उघड्या पडतात त्या वेचल्या

नीलू: आणि नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ ला असाच साठा मिळाला होता, तेरा हजारांवर चांदीची नाणी, सगळी नहपान क्षत्रपाची. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला, नहपानाच्या तोंडावरच. ती मुशीत गेली असती तर? सातकर्णीने नहपानाला हरवून त्याचंच चलन आपल्या नावावर फिरवलं हे एवढं ठसठशीत कशावरून दिसलं असतं? साठा एकत्र राहिला, कुणीतरी बसून एकेक नाणं बघितलं, म्हणून. मला रात्री झोप येत नाही असल्या गोष्टींनी

रोहन: आत्या मग मी मशीन आणू का नको? खरं सांग

नीलू: यंदा नको. खरं सांगते कारण मला स्वतःला मोह होतो. इथे फ्रोम गावाजवळ २०१० ला एका माणसाला मशीनवर आवाज आला, थोडं खणलं, मडक्याचं तोंड दिसलं, आणि तो थांबला. माती परत लोटली आणि तज्ज्ञांना फोन केला. त्यांनी मडकं थराथराने उपसलं, ५२,५०३ रोमन नाणी होती, कुठलं नाणं कुठल्या थरात होतं ते सगळं टिपलं. थरांवरून कळलं की सगळी एका बैठकीत ओतली असावीत. मडकं उलटं करून पोत्यात भरलं असतं तर एवढंच कळलं असतं की नाणी पुष्कळ होती. आता आपल्या शेतात टणक आवाज आला, गढीवरून चार माणसं बघतायत, संजूदादा म्हणतोय खण खण, थांबशील तू? रात्रीतून दुसरं कुणी येऊन खणणार नाही कशावरून? आणि एकदा का गुप्तधन शब्द गावात फिरला की बाकीचे लोक येतात, लिंबं आणि काळ्या बाहुल्या घेऊन

बाळू: ते तर हायच. शेजारच्या गावात दोन वर्षांखाली एका जणाच्या घरात पाच हात खड्डा केला होता मांत्रिकानं, भिंत बसली घराची. त्याला जादूटोण्याचा कायदा लागतो म्हणं

अण्णा: लागतो. २०१३ चा.

संजू: नीलू मी खण नाही म्हणणार. वाळ्यांचं कळल्यापासून सकाळचं माझं बोलणं मलाच वाचवेना. रोहन मशीन नको, त्याच पैशात बाळूकाकाला चांगला वजनकाटा घेऊ, ग्रॅमचा, आणि फोटोला मोजपट्टी

नीलू: दादा ❤️ बाळू तुला एवढंच करायचंय. रोटा मारताना खोल लावू नकोस त्या पट्ट्यात, खापरं फुटतात. पावसानंतर चालून बघ, वर जे दिसेल त्याचा आधी जागेवरच फोटो काढ, मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून, शेजारी पेन ठेवून म्हणजे आकार कळेल, मग उचल. खापरं पण. काळी तांबडी चकाकणारी दिसली तर मला त्याच दिवशी पाठव

बाळू: खापरं लई हायत ताई, टोपलीनं

नीलू: टोपलीभर पाठव फोटो

अण्णा: मसुदा लिहिला आहे, फोटो टाकतो. बाळू, गट नंबर तपासून घे, तारीख सापडल्याची घाल, अर्ज केल्याची नव्हे. सोमवारी मी येतो, आपण दोघे जाऊ. पोच घेतल्याशिवाय नाणी हातावेगळी करायची नाहीत.

बाळू: होय अण्णा. भाकरी खाऊनच निघू, तिथं लई वेळ जातो

मंजू: माई विचारतायत, नाला कुठे होता ते सांगून काही उपयोग आहे का आता

नीलू: आहे!! माई सांग, आठवेल तेवढं सांग. नाणी गेली तरी जागा तर तिथेच आहे

मंजू: (माई) खळ्याच्या लिंबापासून उगवतीला, साधारण चाळीस पावलं. तिथं एक मोठा पांढरा दगड होता, जेवायला आम्ही त्याच्यावर बसायचो. नाला तिथं वळत होता

बाळू: लिंब मोडला वावटळीत, खोड हाय अजून. दगड बांधात गेला असल. माई उद्या सकाळी सात ला व्हिडिओ कॉल लावतो, मी खोडापासून चालत जातो, तू तिथून सांग कुठं थांबायचं

मंजू: हो म्हणतायत. चष्मा पुसून ठेवला पण