कॅमेऱ्यांचे पैसे: थोडं थांबूया

प्रेषक: खजिनदार काका

मंडळींनो, नमस्कार.
कोल्हापूरच्या ज्या शाळेला आपण दर दिवाळीला मदत पाठवतो, तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी सीसीटीव्हीसाठी विचारलंय. बदलापूरच्या घटनेनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, सरकारने शाळांना कॅमेरे सक्तीचे केले. यंदाची सगळी रक्कम त्यालाच द्यावी असं मला वाटतं. हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा.

---

प्रेषक: राजारामपुरीची ताई

काका, कॅमेऱ्यांना हरकत नाही. सगळी रक्कम त्यातच घालायला आहे.

बहिणीला विचारूनच हे लिहितेय. जूनमध्ये भाचीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे कोल्हापुरात रात्रीचे दोन वाजले होते. मावशी जागी असणार हे तिला ठाऊक. दहा मिनिटं पोरगी रंकाळ्याच्या पाण्याबद्दल आणि पावसाबद्दल बोलत राहिली, बोटाला वाकळेचा दोरा गुंडाळत. मग म्हणाली, "आईला सांगितलं तर फोन काढून घेईल."

गॅदरिंगमधल्या तिच्या नऊवारीतल्या फोटोत कुणीतरी घाणेरडा फेरफार केला होता. आणखी फोटो पाठव, नाहीतर हा वर्गाच्या ग्रुपवर टाकतो, अशी धमकी. तीन आठवडे पोरीनं एकटीनं सोसलं. शाळेत एका बाईंकडे विषय काढला, तर "तू फोटो टाकलेसच कशाला?" म्हणाल्या. तिथंच ती मिटली. हे कुठल्या कॅमेऱ्यात दिसणार होतं, काका?

त्या रात्री मी एवढंच सांगितलं: उत्तर देऊ नकोस, काही डिलीट करू नकोस, आईला आत्ता उठव. सकाळी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला, मग पोलिसांत तक्रार. साध्या सलवार-कमीजमधल्या महिला अधिकारी घरी आल्या आणि स्वयंपाकघरात तिच्याशेजारी बसून जबाब घेतला. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात तशीच तरतूद आहे, पीडित मुलाचं किंवा मुलीचं नाव बाहेर येऊ न देण्याचीही. आपल्याकडे लोक चौकीची पायरी चढायला घाबरतात, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. फोटोसाठी 'टेक इट डाउन' ही ऑनलाइन सेवा वापरली. अठराच्या आतल्यांसाठी ती मोफत आहे. फोटो फोनमधून कुठं जात नाही, त्याची फक्त डिजिटल खूण जाते आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो शोधून काढून टाकतात.

असा गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. हाताखालच्या माणसानं केलेला असा गुन्हा कळवला नाही, तर संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. किती शिक्षकांना हे माहीत असेल? २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती हवी. पोरांना त्यातली एक तरी बाई नावानं ठाऊक आहे का, एवढं विचारा. निम्मे पैसे शिक्षकांच्या प्रशिक्षणाला आणि समुपदेशक बाईंच्या मानधनाला द्या. आणि पालकसभा संध्याकाळी ठेवा, म्हणजे वडीलही येतील.

---

प्रेषक: खजिनदार काका

ताई, काल बाईंशी बोललो. समितीची यादी आहे म्हणाल्या, पण ऑफिसातल्या कपाटाच्या मागच्या भिंतीवर. आज ती मुलींच्या जिन्यापाशी लावतायत. निम्म्या रकमेचं मला पटलं, रविवारी ठराव मांडतो.
भाचीचा फोन?

---

प्रेषक: राजारामपुरीची ताई

तिच्याकडेच आहे, काका. बहिणीनं घेतलाच नाही.