मदत हवी आहे : दुधी धरत नाही, निदान एक तरी बियाण्यापुरता हवा

नमस्कार मंडळी,

पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते. चौथा मजला, वर गच्ची. तीन वर्षं झाली, तिथे विनारसायन भाजी लावतेय. मेथी, पालक, मिरच्या, वांगी घरापुरती निघतात. अडलंय ते दुधीवर, आणि यंदाचा दुधी साधा नाही म्हणून इथे लिहितेय.

बी आजीच्या परसातलं. सासवडजवळचं आमचं गाव. बुटका दुधी, मानेशी बारीक आणि खाली गोल, पोपटी रंगाचा. आईने पुरचुंडीत ११ बिया जपून ठेवल्या होत्या. गावचं घर विकलं गेलं, तिथे आता वेल नाही. बी जुनं, त्यामुळे सहा लावल्या त्यातल्या तीनच रुजल्या. उरलेल्या पाच तितक्याच जुन्या. म्हणजे या तीन वेलांवर एक तरी फळ जून होऊन वाळलं पाहिजे, नाहीतर हे वाण आमच्या घरातून गेलं. आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझ्याकडेच असते. तिला जिने चढवत नाहीत. रोज सकाळी मी खाली आले की विचारते, "आज किती गळले?"

लागवड मृग लागल्यावर, १० जूनच्या सुमारास. निळा २०० लिटरचा ड्रम मधोमध कापून त्याच्या दोन भागांत. माती, पालापाचोळ्याचं कंपोस्ट, जुनं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड. आठवड्याला जीवामृत : १० लिटर पाण्यात अर्धा किलो देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन, मूठभर माती, तीन दिवस सावलीत ठेवून, रोज दोनदा ढवळून, मग दहापट पाण्यातून. दर चार दिवसांनी संध्याकाळी कडुनिंब तेलाची फवारणी, लिटरला ५ मिली आणि थोडं साबणाचं पाणी. वेल दणकट आहेत, पानं तळहाताच्या दुप्पट. मादी फुलंही येतात. पण :

काही फळं करंगळीएवढीच होतात, टोकाकडून पिवळी पडतात, हात लावला की सुटतात. त्यांना भोक वगैरे काही नसतं.

काही मुठीएवढी होतात, मग एका बाजूने वाकडी. सालीवर डिंकासारखा तपकिरी थेंब दिसतो. काल एक कापलं तर आत पांढऱ्या अळ्या, कापल्यावर ताटलीत टणाटण उड्या मारत होत्या.

हाताने परागीभवन करून पाहिलं. रोज सकाळी सातला, ब्रशने, लाल भोपळ्याला करते तसंच. फळमाशीचा सापळाही दुकानातून आणून टांगला, तीन आठवड्यांत मोजून चार माश्या अडकल्या. किडकी फळं गच्चीतल्याच कंपोस्टच्या डब्यात टाकते.

काय चुकतंय? घाई आहे, कारण श्रावण अर्धा झाला.

– गच्चीवेल

परसदार :

ताई, तुमचे दोन वेगवेगळे रोग एकत्र झालेत, वेगळे करून बघा.

करंगळीएवढं पिवळं पडून गळतंय ते परागीभवन न झाल्यामुळे. लाल भोपळा, काकडी, कारलं यांची फुलं सकाळी उमलतात. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, साधारण दिवेलागणीला, आणि त्याचं काम रात्रीचे पतंग करतात. सकाळी सातला तुम्हाला जे फूल दिसतं ते रात्रभर उघडं राहून मिटायला लागलेलं असतं. कधी लागतं, पण भरवसा नाही.

आणि फवारणी! सगळे सांगतात संध्याकाळी मारा, मधमाश्या नसतात म्हणून. बाकी भाज्यांना ते बरोबरच. पण दुधीला तुम्ही नेमक्या उमलत्या फुलावर तेल आणि साबण मारताय. पराग ओला झाला की संपलं. दुधीवर तेल मारायचं तर सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, तेही फुलं सोडून पानांच्या खालच्या बाजूला. आणि गरज असेल तरच, वारावर नाही.

ब्रश ठेवून द्या. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा, आणि मादी फुलाच्या मधल्या तीन जाड गाठी असतात ना, त्यांवर हलकेच फिरवा. तिन्हींवर लागलं पाहिजे, नाहीतर फळ एका अंगानेच भरतं. त्या वेळी पाऊस असेल तर वर छत्री बांधा. मी बांधतो.

जीवामृत सध्या पंधरा दिवसांनी पुरे. पानांचा माज दिसतोय.

कोकणवेल :

दुसरा प्रकार फळमाशीचा, शंकाच नको. मादी कोवळ्या फळात अंडी घालते, तो डिंकाचा थेंब म्हणजे तिने टोचलेली जागा. अळी पोसली की फळातून बाहेर पडून मातीत जाते आणि तिथे कोष करते. तुम्ही किडकी फळं कंपोस्टमध्ये टाकून घरीच माश्यांची पैदास करताय. आजपासून पडलेलं प्रत्येक फळ प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. ड्रममधली वरची दोन-तीन इंच माती हलक्या हाताने मोकळी करा, मुळं सांभाळून.

सापळ्याची गोळी कोणती आहे ते पाकिटावर वाचा. मिथाईल युजेनॉल लिहिलं असेल तर ती आंब्याच्या फळमाशीची. वेलभाज्यांच्या माशीला क्यू ल्यूर लागतं. दुकानदार बहुतेक वेळा जी हाताला येते ती देतात. शिवाय सापळ्यात नरच येतात, तेव्हा नुसत्या सापळ्यावर विसंबू नका. फळ धरलं, फूल सुकलं की त्याच दिवशी कापडी पिशवीत घाला. खात्रीचा इलाज तोच.

बीजधारा :

वरच्या दोघांचं अगदी पटलं. मी फक्त बियाण्याबद्दल सांगते, कारण ते कोणी बोललं नाही.

आसपासच्या गच्चीवर कोणाचा संकरित दुधी आहे का? असेल तर पतंग तिकडचा पराग आणतील. फळ दिसेल आजीच्याच दुधीसारखं, पण आतलं बी मिसळलेलं असेल. म्हणून संध्याकाळी उमलणार ती मादी कळी त्याच दिवशी दुपारी ओळखा, टोकाला पांढरं दिसायला लागतं. तिला आणि दोन नर कळ्यांना मलमलीची पिशवी बांधा. संध्याकाळी सोडून परागीभवन करा आणि परत बांधा. देठाला लाल दोरा. नर फूल जमल्यास तुमच्याच दुसऱ्या वेलाचं घ्या.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली ती अशी घराघरातली गावठी बियाणी जपल्याबद्दलच. तुमच्या पुरचुंडीची किंमत कमी समजू नका. उरलेल्या पाच बिया या वर्षी अजिबात लावू नका.

एक काळजीचं : पुढच्या पिढीचा दुधी आधी चिमूटभर चाखून मगच शिजवा. कडू लागला तर थुंकून सगळा टाका. कडू दुधी विषारी असतो, आणि हे कोवळ्या, जून सगळ्यांना लागू.

गच्चीवेल :

सगळ्यांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहितेय.

सापळ्याच्या पाकिटावर खरंच मिथाईल युजेनॉल होतं. बदलून आणला, तर पहिल्या दोन दिवसांत तळ झाकेल इतक्या माश्या. दोन इमारती सोडून एका काकांचा संकरित दुधी आहे, म्हणून पिशव्या बांधल्याच. ऑफिसातून यायला सात वाजतात, तशीच वर जाते. अंधारात ती फुलं इतकी पांढरी दिसतात, तीन वर्षांत मी एकदाही बघितली नव्हती.

पाच फुलांना केलं. एक पावसात गेलं, दोन गळली. दोन धरलीत! मोठं माझ्या वीतभर झालंय, मान बारीक, खाली गोल. आईने जुन्या सुती परकराच्या पिशव्या शिवून दिल्या, नाडीसकट. फोटो दाखवला तर म्हणाली, "हाच तो."

आता पुढचं विचारते. एक फळ वेलावरच वाळवायचं तर अजून किती दिवस राहू द्यायचं, आणि तोवर वेलाची बाकीची फळं काढत राहू की खुडून टाकू? वजन वाढलं की मांडवाच्या सुतळीला झोळी बांधावी लागेल का?