प्रॉक्समॉक्सवर २० व्हीएम, रॅम ६४ जीबी: केएसएम चालेल का?

लॅबवाला
प्रशिक्षण वर्गासाठी एकच सर्व्हर आहे. रॅम ६४ जीबी, त्यावर प्रॉक्समॉक्स ८.४ (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली). उबुंटूच्या १४ व्हीएम, सगळ्या एकाच टेम्प्लेटच्या क्लोन, प्रत्येकीला ४ जीबी. पुढच्या बॅचला २० लागतील, म्हणजे कागदावर ८० जीबी. ओएस सगळीकडे तीच, तर मेमरीतली सारखी पेजेस (छोटे तुकडे) केएसएमने, म्हणजे कर्नलमधल्या पेजेस जोडून रॅम वाचवणाऱ्या सोयीने, एकत्र करायला हवीत. पण समरीत केएसएम शेअरिंग शून्यच दिसतं. सरावाचा डेटा होस्टवरच्या (मूळ सर्व्हरवरच्या) फोल्डरातून व्हर्टिओएफएसने, म्हणजे होस्टचा फोल्डर थेट व्हीएममध्ये दाखवणाऱ्या सोयीने, दिलाय. बजेट पाच हजार, वर एक रुपया नाही. मुलं कर्नल मॉड्यूल लिहितात, म्हणून कंटेनर नकोत.

रॅमराजा
कशाला डोकं खपवताय? ३२ ची चार मॉड्यूल टाका, १२८ जीबी झाली. ईसीसी रजिस्टर्ड की अनबफर्ड ते आधी मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघा, दोन्ही एकत्र चालत नाहीत.

लॅबवाला
बजेट पाच हजार लिहिलंय हो.

रॅमराजा
मग दोन आत्ता, दोन दिवाळीला.

कंटेनरप्रेमी
एलएक्ससी (लिनक्स कंटेनर) वापरा. २० काय, ६० चालतील.

रात्रपाळी
@कंटेनरप्रेमी, धागा वाचा की राव. कंटेनरला कर्नल होस्टचाच असतो. एका पोराने चुकीचं मॉड्यूल लोड केलं की अख्खा वर्ग आडवा.

@लॅबवाला, शून्य दिसण्याचं पहिलं कारण: होस्टची मोकळी मेमरी २० टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय केएसएमट्यून्ड (केएसएम चालू-बंद करणारी सर्व्हिस) काम सुरूच करत नाही. आणि १४ गुणिले ४ म्हणजे ५६ हा हिशेब कागदावरचा. गेस्टने (व्हीएमने) एकदाही हात न लावलेलं पेज होस्टवर जागा घेत नाही, त्यामुळे खरा वापर होस्टवरच बघा. कॉन्फिग फाइलमध्ये हा थ्रेशोल्ड २० चा ४० करा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा.

दुसरं म्हणजे वेग. कर्नलचा डिफॉल्ट दर २० मिलिसेकंदाला १०० पेजेस. पेज ४ केबीचं, म्हणजे सेकंदाला जेमतेम २० एमबी. ५० जीबीची एक फेरी पाऊण तासाची. पहिल्या फेरीत फक्त चेकसम (पेजच्या मजकुरावरून काढलेला आकडा) नोंदला जातो, पुढच्या फेरीत पेज बदललेलं नसेल तरच ते जोडायला घेतात. तोवर प्रॅक्टिकल संपलेलं असतं. १०० पेजेसचा आकडा १००० वर नेला तर फरक पडतो, पण मग एक कोअर त्यातच गुंततो. हा आकडाही केएसएमट्यून्डच्या कॉन्फिगमध्येच घाला. हाताने लिहिलेला तो पुसून टाकतो.

कुलूपकिल्ली
केएसएमच्या नादी लागू नका. जोडलेल्या पेजवर लिहिताना कॉपी करावी लागते, त्याला वेळ जास्त लागतो. तो वेळ मोजून शेजारच्या व्हीएममध्ये तेच पेज आहे का ते कळतं. २०१४ चा फ्लश अँड रीलोड हल्ला अशाच शेअर केलेल्या पेजेसवर चालतो. त्यानंतर व्हीएमवेअरनेही दोन व्हीएममधलं शेअरिंग डिफॉल्ट बंद केलं.

रात्रपाळी
वर्गातल्या व्हीएममध्ये कसली गुपितं? एकाच मालकाच्या, रोज रिसेट होणाऱ्या व्हीएम आहेत.

ढगफुटी
ईएसएक्सआय (व्हीएमवेअरची प्रणाली) घाला, शेअरफोर्ससॉल्टिंग ० करून दोन व्हीएममधलं शेअरिंग चालू करा, काम फत्ते. फुकट आहे.

कुलूपकिल्ली
फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकट आवृत्ती बंद, एप्रिल २०२५ मध्ये परत सुरू. असल्या भरवशावर वर्ग चालवायचा? शिवाय तिथे २ एमबीची मोठी पेजेस असतात, मेमरीची ओढाताण झाल्यावरच ती फोडून शेअरिंग होतं.

दोनपोर्ट
दोन व्हीएममध्ये मेमरी शेअर करायची ना? आयव्हीएसएचमेम, म्हणजे व्हीएमना डिव्हाइस म्हणून जोडायची सामायिक मेमरी. होस्टच्या शेअर्ड मेमरीत फाइल ठेवा, बॅकएंडला शेअर ऑन करा, दोन्ही व्हीएमना आयव्हीएसएचमेम-प्लेन डिव्हाइस जोडा. आकार २ च्या घातातच हवा: १६, ३२, ६४ एमबी. गेस्टमध्ये ती मेमरी पीसीआय डिव्हाइसचा बार २ (डिव्हाइसच्या मेमरीचा एक भाग) म्हणून दिसते. कुलपं आपली आपण सांभाळायची, नाहीतर दोघे एकाच वेळी लिहून डेटाचा चिवडा करतात.

रात्रपाळी
माहिती चांगली, धागा चुकला.

तळघर
कुणी व्हर्टिओएफएसकडे बघितलंच नाही. शून्याचं खरं कारण तेच. व्हर्टिओएफएसला गेस्टची सगळी मेमरी होस्टवरच्या डीमनशी (मागे चालणाऱ्या प्रोग्रामशी) शेअर करावी लागते, म्हणून क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) ती मेमएफडीवर (रॅममधल्या फाइलवर) शेअर ऑन करून घेतो. केएसएम फक्त खासगी, अनॉनिमस (कुठल्याही फाइलशी न जोडलेली) पेजेस जोडतं. थ्रेशोल्ड ४० करा नाहीतर ९० करा, या व्हीएमचं एकही पेज जोडलं जाणार नाही. व्हर्टिओएफएस काढून तोच फोल्डर एनएफएसने (नेटवर्कवरून) द्या, व्हीएम पूर्ण बंद करून सुरू करा. गेस्टच्या आतून रीबूट चालणार नाही, क्यूईएमयू प्रोसेस तीच राहते. आणि पीसीआय पासथ्रू असलेली (होस्टचं कार्ड थेट दिलेली) व्हीएम यातून वगळा, तिची मेमरी पिन झालेली (जागेवर पक्की) असते.

रॅमराजा
म्हणूनच म्हणतो, रॅम घ्या.

लॅबवाला
@तळघर, एका व्हीएमवरून व्हर्टिओएफएस काढून आणखी एक तशीच क्लोन सुरू केली, थ्रेशोल्ड वाढवल्यावर आकडा हलला. निदान बरोबर, आभार. पण व्हर्टिओएफएस ठेवतोय. सगळे सरावाचे स्क्रिप्ट त्यावर बेतलेत, ऐन बॅचच्या तोंडावर एनएफएसचे परवानग्यांचे घोळ नकोत. टेम्प्लेटमधला ग्राफिकल डेस्कटॉप काढला, प्रत्येकीला २५६० एमबी दिली. वीस व्हीएम, ५० जीबी, १४ होस्टला.

तळघर
२५६० मध्ये कर्नल कंपाइल करताना मेकला जे २ च्या (एका वेळी दोन कामांच्या) वर जाऊ देऊ नका. स्टोरेज झेडएफएस फाइलसिस्टमवर असेल तर एआरसीची (तिच्या रॅममधल्या कॅशची) मर्यादा बघा. प्रॉक्समॉक्स ८.१ पासूनच्या नव्या इन्स्टॉलला ती रॅमच्या १० टक्के असते, त्याआधीच्या इन्स्टॉलवरून अपग्रेड केलं असेल तर निम्मी रॅम.

कंटेनरप्रेमी
एलएक्ससीमध्ये हे काहीच करावं लागलं नसतं.